दुसऱ्या माणसाचा रकाना

साडेअकरा वर्षं मी कतारमध्ये पगार घेऊन ब्लू फिल्म पाहिल्या. ऑफिसच्या वेळेत, एसीत बसून, समोर दोन मॉनिटर ठेवून. संपादकांनी 'परदेशातल्या नोकरीचे अनुभव' मागितले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर तेलाच्या टाक्या आणि वाळवंट असणार. मी त्यांना फोनवर खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "लिहा, पण दिवाळी अंक घराघरात जातो हे लक्षात ठेवून लिहा." तेवढं भान ठेवतो.

आधी काम काय होतं ते सांगतो. तिकडच्या मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या इंटरनेटवर चाळणी बसवतात. नको त्या साइट उघडू नयेत, नको त्या फायली कंपनीच्या कॉम्प्युटरवर येऊ नयेत, यासाठी. ही चाळणी पुरवणाऱ्या एका खासगी फर्ममध्ये मी होतो. शंभरातली बहुतेक कामं मशीनच करतं. मशीनला ज्यांचा निर्णय लागत नाही, त्या फायली माणसासमोर येतात. तो माणूस मी, विलास कुलथे, बी.एस्सी., नाशिक. फाइल उघडायची, सुरुवात, मध्य आणि शेवट असे तीन तुकडे पाहायचे, आवाज एरवी बंद ठेवायचा, भाषा ओळखण्यापुरता सुरू करायचा, आणि फॉर्म भरायचा. एका फायलीला साधारण दीड मिनिट. चहाच्या सुट्टीपर्यंत चाळीसेक व्हायच्या.

लोकांना वाटतं, काय मजा असेल. पहिला आठवडा संपतो तोवर ती मजा संपलेली असते. पुढे उरतो तो रतीब. माझ्या बायकोला, मंगलला, मी दोन वर्षांनी सांगितलं. तोवर 'नेटवर्कचं बघतो' एवढ्यावर भागवलं होतं. ती भाजी निवडत होती. निवडता निवडता तिनं विचारलं, "कंटाळा येत नाही?" या नोकरीबद्दल एवढा समंजस प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नाही.

मशीन अडाणी असतं, आणि त्याचा अडाणीपणा निस्तरणं हेही आमचंच काम. एका दवाखान्यातली नर्स चिडून फोन करायची. बाळाला अंगावर कसं पाजावं याची माहितीपत्रकं मशीननं सरसकट बंद केली होती. "सर, माझ्या वॉर्डात आज अकरा बाळंतिणी आहेत. त्यांना मी काय दाखवू?" तिचं म्हणणं योग्य होतं. मी ती पानं एकेक करून सोडवली, त्यात अख्खा दिवस गेला, आणि त्या दिवसाचा मला अजून अभिमान आहे. उलट एका बांधकाम कंपनीतले वयस्कर अकाउंटंट दर गुरुवारी एकच साइट उघडून मागायचे. कारणाच्या जागी लिहायचे, 'मार्केट रिसर्च'. मी दर रविवारी, तिकडचा आठवडा उघडला की, नकार पाठवायचो. असं तीन वर्षं चाललं. ते निवृत्त होऊन गेले तेव्हा जाताना त्यांनी 'थँक यू फॉर युअर पेशन्स' असा मेल पाठवला.

आमचा सुपरवायझर इद्रीस सुदानचा होता. पाच वेळा नमाज पढणारा, हळू बोलणारा माणूस. या खुर्चीत तो कसा टिकला, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "मी बघत नाही, विलास. मी वाचतो." त्यानं मला एकच गोष्ट शिकवली. दिसतं ते लिहायचं, वाटतं ते नाही.

आता ज्या प्रकाराबद्दल लिहायचं आहे तो. या फिल्मांत एक मोठी जात आहे, तिच्यात कॅमेरा पुरुषाच्या डोळ्यांच्या जागी असतो. त्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. दिसले तर हात दिसतात, बाकी सगळी बाईच. ती कॅमेऱ्याकडे बघून बोलते, म्हणजे बघणाऱ्याशी बोलते. आणि यातल्या निम्म्याहून जास्त फिल्मांची कथा एकच असते, ती म्हणजे मनाई. मित्राची बायको, साहेबांची सेक्रेटरी, समोरच्या फ्लॅटमधली लग्न झालेली बाई. ती म्हणते, 'नको, कुणाला कळलं तर?' आणि पुढच्या चाळिसाव्या सेकंदाला ती भीती संपते. काम करणारे दोघंही वयानं मोठे, राजीखुशीनं आलेले, कागदावर सह्या केलेले असतात. मनाई ही त्यात फोडणीपुरती असते.

शेकड्यांनी पाहिल्यावर नजर तयार होते. धंद्यातली फिल्म कुठली आणि घरात कुणी स्वतः काढलेली कुठली, हे मी पाच सेकंदांत सांगायचो. धंद्यातल्या फिल्ममध्ये दाराकडे कुणी बघत नाही. दार असतं, पण ते भिंतीसारखंच असतं. खऱ्या घरात, खऱ्या चोरट्या भेटीत, माणसाची नजर मधूनच दाराकडे जाते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझं मला कळलं होतं. इद्रीस नव्या लोकांना माझ्याकडे पाठवायचा. माझी खूण चुकत नाही, अशी ऑफिसात ख्याती होती, आणि ती मला आवडायची.

या खुणेला तिकडे फार वजन होतं. फॉर्मवर दोन चौकटी असायच्या: 'बाहेरून उतरवलेलं' आणि 'कर्मचाऱ्यानं स्वतः बनवलेलं'. पहिल्या चौकटीवर टिक झाली की माणसाला ताकीद मिळायची, फार तर पगारवाढ हुकायची. दुसरीवर झाली की प्रकरण कंपनीच्या एचआर आणि लीगलकडे जायचं. त्या देशात लग्नाबाहेरचा संबंध हा गुन्हा आहे. दोघं सज्ञान आहेत, दोघांची मर्जी आहे, हे तिथे कामाला येत नाही. मोठ्या कंपन्या शक्यतो पोलिसांपर्यंत जात नसत. आठवड्याभरात राजीनामा घ्यायचा आणि विमानात बसवायचं, खलास.

आणखी एक नियम सांगायला हवा. असली फाइल आम्ही गिऱ्हाईक कंपनीला कधी दाखवायचो नाही, कारण पुढे पाठवणं हाही गुन्हाच. फाइल आमच्याकडेच नष्ट व्हायची. तिकडे जायचा तो फक्त फॉर्म. म्हणजे आम्ही दोन ओळींत जे लिहू, तेवढंच जगाला दिसायचं.

हमद पोर्टवर काम करणारी एक लॉजिस्टिक्स कंपनी आमची गिऱ्हाईक होती. तिच्या डॉक्युमेंटेशन विभागात 'ड्युटी फोन' असत. कंटेनरचं सील आणि नंबर यांचे फोटो कर्मचाऱ्यांनी त्यावर काढायचे, आणि ते आपोआप कंपनीच्या ड्राइव्हवर जायचे. असा एक फोन सहा जण वापरत. टेबलाच्या खणात पडलेला असायचा, कोण घरी नेतं याची नोंद नसायची. एका सोमवारी सकाळी त्या फोनवरून आलेली एक फाइल माझ्यापुढे आली. आधी आणि नंतर सगळी सिलं आणि कंटेनरचे नंबर, आणि मधोमध ती.

खोली होती, पडदा ओढलेला. चाळिशीची एक बाई पलंगाच्या कडेला बसलेली, साध्या गाउनमध्ये. कॅमेरा पुरुषाच्या डोळ्यांच्या जागी होता, पण चित्र जरा हलत होतं. तिसऱ्या सेकंदाला तिची नजर दाराकडे गेली आणि मला जे कळायचं ते कळलं. स्वतः बनवलेलं.

फॉर्मवर भाषेचा एक रकाना होता. धंद्यातली फिल्म कुठल्या साइटवरची आहे हे शोधायला तो उपयोगी पडायचा. घरगुती फायलींत तो रिकामा सोडला तरी फॉर्म पुढे जायचा. मी मात्र रिकामा रकाना कधी सोडत नसे. मी हेडफोन लावले आणि आवाज सुरू केला.

ती म्हणाली, "अहो, ठेवा की तो फोन. माझ्याकडं बघा जरा."

साडेअकरा वर्षांत त्या खुर्चीत मी मराठी ऐकली ती तेव्हाच. तीही घरातली, 'अहो'वाली. मंगल हीच हाक स्वयंपाकघरातून मारते. मी मागे वळून पाहिलं, खोलीत आमच्याशिवाय कुणी ऐकतंय का, म्हणून. आमच्याशिवाय म्हणजे मी आणि ती बाई, असा विचार मी केला होता, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

मग त्याचा डावा हात पुढे आला आणि त्यानं तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले. त्या हाताच्या पहिल्या बोटाला वरचं पेर नव्हतं. तो म्हणाला, "बघतोयच की." मी फाइल तिथेच थांबवली. पुढचं पाहायची कामासाठी गरज नव्हती, आणि हिंमतही नव्हती.

तो हात मी दर दुसऱ्या आठवड्याला रोज सकाळी स्टिअरिंगवर पाहत होतो. नितीन मोहिते माझ्याच बिल्डिंगमध्ये, ओल्ड एअरपोर्ट नावाच्या भागात राहायचा. पोर्टवरच्या क्रेनच्या देखभालीचा इंजिनियर, वेगळ्या कंपनीत. बोट तिथेच गेलं होतं. आमचं ऑफिस पोर्टच्या वाटेवर असल्यामुळे एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी, असं सहा वर्षं चाललं होतं. त्याची बायको मंगलची मैत्रीण. मुलगी बारावीला. रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडचं थालीपीठ आमच्याकडे आलं होतं, आणि सोमवारी हे.

फॉर्मवर दुसऱ्या व्यक्तीचाही रकाना होता. 'वर्णन, ओळखीच्या खुणा.' मी त्यात लिहिलं, 'चेहरा दिसत नाही. ओळख पटत नाही.' लिहिताना हात अडखळला नाही. त्याची मुलगी, त्याची बायको, आमच्या बिल्डिंगचा जिना, सगळं डोळ्यांसमोर होतं. एक घर वाचवतोय, असं मला अगदी मनापासून वाटलं.

पहिल्या व्यक्तीच्या रकान्यात लिहिलं, 'स्त्री, वय अंदाजे चाळीस.' आणि भाषेच्या रकान्यात लिहिलं, 'मराठी'.

इद्रीसनं सही करण्याआधी फॉर्म वाचला. त्यानं त्या शब्दावर पेन टेकवलं. "शुअर? इंडियन लँग्वेज लिहिलं तरी चालतं. रिकामं सोडलं तरी चालतं."

"इट्स माय मदर टंग, सर," मी म्हणालो. आवाजात तोरा होता. आज तो आठवला की कानशिलं तापतात.

त्या विभागात फोन वापरणाऱ्या सहा जणांत बायका तिघीच होत्या. एक केरळची, एक फिलिपिन्सची, आणि एक मिरजेची. मला हे त्या दिवशी माहीत नव्हतं हे खरं. मी विचारलं नाही, हेही खरं. यादी मागवायला एक मेल पुरला असता.

पुढे दहाबारा दिवसांनी नितीनची गाडी चालवण्याची पाळी होती. वाटेत तो नेहमी बडबडायचा, पण त्या आठवड्यात रेडिओसुद्धा लावत नव्हता. एका सिग्नलला थांबल्यावर समोर बघत म्हणाला, "विलासराव, एक काम होतं. पोर्टवरच्या ओळखीच्या एक बाई आहेत, सुरेखाताई. त्या कायमच्या परत चालल्यात. शनिवारी दुपारची फ्लाइट आहे. त्यांना एअरपोर्टला सोडाल का?"

"तू का नाही जात?"

"मला जमायचं नाही." सिग्नल सुटला तरी त्यानं गाडी काढली नाही. मागून हॉर्न वाजले तेव्हा त्यानं गिअर टाकला. "नऊ वर्षं होत्या हो त्या इथं," तो म्हणाला.

मी काय काम करतो हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्यासाठीही मी 'नेटवर्कचं बघणारा'च होतो. त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण त्याच्याशी बोलायचं म्हणजे मला सगळं माहीत आहे असं सांगायचं, आणि ते झालं असतं तर उद्या एका गाडीत बसायचं कसं, या हिशेबानं मी 'सोडतो' एवढंच म्हणालो.

शनिवारी अल सद्द भागातल्या एका बिल्डिंगखाली ती उभी होती. दोन बॅगा, एक प्रेशर कुकरचा खोका. चार बायकांच्या शेअरिंगमधल्या फ्लॅटमध्ये राहायची. निरोपाला वरून कुणी खाली आलं नव्हतं. मी तिला ओळखलं, अर्थातच. तिनं मला नमस्कार केला. "तुम्हाला उगाच त्रास," म्हणाली. पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले. बॅगा डिकीत ठेवताना मला तिच्याकडे बघवेना.

गाडीत ती आपण होऊन बोलू लागली. नवरा बारा वर्षांपूर्वी गेला. घरी सासूबाई, त्यांचं सगळं हिच्यावर. "त्यांना सांगितलंय, कॉन्ट्रॅक्ट संपलं. त्या खूश आहेत. म्हणतात, बरं झालं, आता दिवाळीला घरात दोघी असू." ती जरा हसली. "तुम्ही मोहित्यांच्या बिल्डिंगमधले ना? ते सांगायचे, आमचे विलासराव फार सरळ माणूस."

ते ऐकल्यावर माझ्यानं राहवलं नाही. मी गाडी कडेला घेतली, एका पेट्रोल पंपाजवळ.

"सुरेखाताई, तुमच्या कंपनीकडं जो फॉर्म गेला, तो मी भरलाय."

मांडीवरच्या पर्सची चेन तिनं बंद केली. ती आधीच बंद होती.

"म्हणजे तुम्ही बघितलं," ती म्हणाली.

"कामापुरतं. बारा सेकंद."

"आवाज होता?"

"होता."

तिनं डोळे मिटले. मग हळूहळू, कुणी विचारलं नसताना, सांगू लागली. "माझ्या फोनमधले फोटो भाचीच्या फोनवर जातात. तिनंच तसं जोडून दिलंय, आत्या तुझे फोटो आम्हाला दिसू देत म्हणून. त्यांचा फोन घरात सगळे हाताळतात. म्हणून मुद्दाम ड्युटीचा फोन नेला. त्यात माझं कुणी नाही, असं वाटलं. त्यांना एकदा काढायचं होतं. म्हणाले, तू सुट्टीवर गेलीस की बघायला. मी नको म्हणत होते, मग हो म्हटलं. माझीही मर्जी होती, खोटं कशाला बोलू? मग भीती वाटली आणि दहा मिनिटांत पुसून टाकलं. तोवर ते सिलांच्या फोटोंबरोबर वर गेलं होतं. सिलांचे फोटो वर जातात, हे मी रोज बघत होते. माझंही जाईल, हे डोक्यातच आलं नाही."

या धंद्यात मी मनाईच्या शेकडो कथा पाहिल्या होत्या, पण मनाई मोडणाऱ्या बाईचा शब्द ऐकायची माझी ही पहिलीच वेळ होती. तिच्या बोलण्यात पाप नव्हतं आणि धिटाईही नव्हती. एका माणसानं आपल्याकडे बघावं असं तिला वाटलं होतं, एवढंच त्यात होतं.

"तुम्हाला त्यांचा हात ओळखू आला असंल," ती म्हणाली.

"आला."

"त्यांच्यासाठी काय लिहिलंत?"

"ओळख पटत नाही, असं."

तिनं मान हलवली. "बरं केलंत. पोरगी बारावीला आहे त्यांची." हे ती मनापासून म्हणाली, आणि ते मला जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी गाडी सुरू केली. डिपार्चरला गाडी लावून मी बॅगा उतरवल्या, कुकरचा खोका ट्रॉलीवर नीट बसवला. माफी मागायची म्हणून मी तिच्यासमोर उभा राहिलो. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तिनंच विचारलं.

"साहेब, एचआरच्या मॅडमनं मला तो कागद दाखवला. त्यावर माझं नाव नव्हतं. नुसतं मराठी लिहिलं होतं. मराठी तिथं मी एकटीच. ते कशाला लिहिलंत?"

मी खरं तेच सांगितलं. त्याच्याशिवाय माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

"रकाना होता," मी म्हणालो.

"त्यांच्यासाठीपण होताच की," ती म्हणाली, आणि ट्रॉली ढकलत आत गेली.